डावा, नग अकरा

तक्रारवहीत फोरमनचं घाईचं अक्षर:
डावा, नग अकरा. बोट दुमडत नाही, हुक लागत नाही.

शुऐबाच्या ट्रेनिंग सेंटरात वीस हेडसेट,
चाळीस कंट्रोलर, आणि त्यांचं दुखलंखुपलं बघायला मी.
बाहेर एकोणपन्नास अंश. आत एसी असा
की ऑगस्टात मी स्वेटर घालते.

आधी सेल काढला.
बहुतेकदा दुखणं तिथंच असतं: स्प्रिंगवर पांढुरकी बुरशी,
खारट.
माणसांच्या घामाचं मीठ की पलीकडच्या समुद्राचं,
ते मी आता शोधत नाही.
रोह्याच्या शाळेत चुकलेलं गणित खोडायचे
तसल्याच रबराने घासलं.
नवा पेन्सिल सेल. दोन बटणं दाबून धरली
दिवा लुकलुकेपर्यंत,
तेव्हा झोपेतून उठवलेल्या पोरासारखं
त्याने एकदा अंग झटकलं.

माझ्या हातात बोट दुमडलं. दहादा दुमडलं.
डॉक्टरच्या पायरीवर दाढ थांबते, तसं.

तरी परवाच्या वादळाची धूळ फुंकून काढली,
पिठाहून बारीक, बटणांच्या बेचक्यात बसलेली.
खिडकीवरचा पडदा ओढला, उन्हाने कॅमेरे आंधळे होतात म्हणून.
स्टीलच्या कपाटावर चादर टाकली,
चकाकीत त्यांना दोन-दोन हात दिसतात म्हणून.
मग म्हटलं, ज्याचं बोट दुमडत नाही त्यालाच बोलवा.

ओबुलेसु आला. कडप्प्याकडचा,
बावीस वर्षं परांच्या बांधणारा.
आता कार्ड नवं करायचं
तर खोट्या परांचीवर खरं चढून दाखवायचं.
हेडसेट चढवून तो उभा राहिला, पाय फाकवून,
फरशीवरसुद्धा तोल सांभाळत.

मी पडद्यावर बघत होते.
करड्या हातमोज्यांचे दोन हात, चाळीस मीटर उंचीवर.
डाव्याची तर्जनी ताठ,
कुणाला तरी वाट दाखवावी तशी.

बोटं कुठे ठेवायची ते सांगायला
मी त्याचा हात धरला,
आणि अंगठ्याच्या शेजारी
काहीच लागलं नाही.
गुळगुळीत कातडी, एक गाठ.

मशीनचं गणित साधं आहे.
बटणाला स्पर्श आहे, म्हणजे बोट दुमडलेलं.
स्पर्श नाही, म्हणजे बोट लांब केलेलं.
तिसरं उत्तर
ते जुळवणाऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

"मॅडम, मी तक्रार केली नाही," तो म्हणाला,
"फोरमनने लिहिलं."
मनगट वळवून वळवून तो ते बोट बघत होता.
वरून, खालून. नखाच्या जागेकडून.
मग शिडीकडे रोखलं आणि पायऱ्या मोजल्या,
तेलुगूत, ओठांतल्या ओठांत.
एकोणीसला अडखळला, पुन्हा पहिलीपासून.
मी घाई केली नाही. माझ्या मागे रांग होती, तरी.

"मीना अब्दुल्लाला," एवढंच म्हणाला. "क्लॅम्प निसटला."
कधी, ते मी विचारलं नाही.

सेटिंगमध्ये शिरून
हुक मधल्या बोटाच्या बटणावर वळवला.
तर्जनी लपवायचीही सोय असते तिथं.
खूण करायचा चौकोन समोर होता.
मी त्या बोटाला हात लावला नाही.

तो चढला. प्रत्येक टप्प्यावर हुक खट्‌ लागला.
सर्वांत वर पोचल्यावर
परीक्षेत नसलेली एक गोष्ट त्याने केली:
दूर रंगवलेल्या निळ्या पट्टीकडे बोट केलं,
क्षणभर, आणि उतरला.

हेडसेट काढला. डोळे चोळले.
खिशातले कापडी मोजे चढवले.
डाव्या मोज्याचं एक बोट आत दुमडून शिवलेलं,
काळ्या दोऱ्याने, टाके बारीक,
घरी कुणीतरी सवडीने घातलेले.

पुढचा माणूस आत आला.
वहीत रकाना बोटभरच असतो. मी लिहिलं:
डावा, नग अकरा. सेल बदलला.